नवमीच्या पानावरचं कुंकू

अविधवा नवमीचं पान आमच्याकडे कावळ्याला घालत नाहीत. त्या पंधरवड्यात सगळं लालबाग गच्चीवर आणि गॅलरीच्या कठड्यावर पानं मांडून कावळ्यांच्या मिनतवाऱ्या करत असतं. आमचे अप्पा मात्र बायकोचं पान तिच्या फोटोखाली ठेवतात, वर वेताची टोपली पालथी घालतात आणि थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उचलतात. असं का, म्हणून लग्नानंतर एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तिका कावळ्यांचा भय वाटता." सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आज बारा वर्षं झाली, तरी अप्पा 'वाटता'च म्हणतात.

अप्पा म्हणजे माझे सासरे, दौलत परब. गिरणी बंद पडेपर्यंत रंगखात्यात होते. सासूबाई लक्ष्मी नवऱ्याआधी गेल्या, कपाळावर कुंकू घेऊन गेल्या, म्हणून त्यांचं श्राद्ध नवमीला. या नवमीची एक अट आहे. नवरा जिवंत असेपर्यंतच ती करायची. तो गेला की बायकोचं पान बंद, मग दोघांचं मिळून एकच. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच काही अडलं होतं.

मी दर्शना. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. लोकांचा पू, रक्त, लघवी प्लेटवर लावायची, त्यातले जंतू वाढवायचे आणि ते कोण आहेत ते डॉक्टरांना सांगायचं, हे माझं काम. घरात माझ्याइतकं हात धुणारं कोणी नाही. दुसऱ्यांच्या अस्वच्छपणाचा मला मनस्वी संताप येतो आणि तो मी बोलून दाखवते. नवरा धनेश म्हणतो, तुझ्याबरोबर जेवायला बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मला या गोष्टीचा गर्व होता. तो कसा उतरला तेच सांगायला बसले आहे.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर अप्पांना नवी चप्पल चावली. डाव्या पायाच्या करंगळीशी एवढीशी जखम, पण अप्पांना शुगर आहे, म्हणून ती जपायचं काम मी अंगावर घेतलं. रोज सकाळी मोरीजवळ पाटावर त्यांना बसवायचं, आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बाटलीतलं औषध कापसावर घ्यायचं, जखम पुसायची, पट्टी बांधायची.

आईंची बाटली म्हणजे जखमा पुसायच्या औषधाची जाड तपकिरी बाटली. आई गिरगावात एका नर्सिंग होममध्ये मावशीचं काम करायच्या. ते बंद झालं तेव्हा त्यांनी ती घरी आणली. मोरीच्या फळीवर तिची जागा ठरलेली. अर्धी झाली की दुकानातलं तसलंच औषध थोडं ओतायचं आणि वर नळाचं पाणी. पूर्ण रिकामी अशी ती कधी झालीच नाही. विरजणासारखं तळाला थोडं ठेवून त्यावर नवं घालायचं, हे आईंचं, मग माझं. कुणाचं कापलं, खरचटलं की तीच बाटली. हात धुवायलाही तीच. आईंची म्हणून तिला मान होता.

नवमीच्या दिवशी मी अर्धी रजा घेतली होती. सकाळी अप्पांचा पाय पुसला, त्याच औषधानं दोन्ही हात चोळून धुतले आणि स्वयंपाकाला लागले. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, खीर आणि आईंना आवडायचा तसा मऊ भात. ओल्या हातानं वाटीत भात दाबून पानावर मूद पाडली. अप्पांनी टोपली झाकली, हात जोडले आणि फोटोकडे बघत बराच वेळ उभे राहिले. फोटोत आईंनी हिरवा स्वेटर घातलाय. मुंबईत डिसेंबरात जरा वारा सुटला की त्यांना हुडहुडी भरायची. सगळी चाळ हसायची, पण बाई स्वेटर घातल्याशिवाय नळावर यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा अप्पा टोपली उचलून पानासमोर मांडी घालून बसले होते. धनेश दाराशी उभा होता. 

भाताच्या मुदीवर कुंकू होतं.

आधी मलाही तसंच वाटलं. मुदीच्या माथ्यावर रुपयाएवढा ओला लाल डाग, भोवती बारीक ठिपके, एक ओघळ खाली पानापर्यंत. वड्यांवर काही नव्हतं, खिरीवर काही नव्हतं. फक्त भातावर, आणि तेही जिथे माझी बोटं टेकली होती तिथे. पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

"लाल तिखट उडालं असेल," धनेश म्हणाला. आमच्या गल्लीत मसाल्याच्या तीन चक्क्या आहेत. वाळत टाकलेला पांढरा शर्ट संध्याकाळी गुलाबी होऊन येतो, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं.

"टोपलीखाली?" मी विचारलं.

अप्पांनी बोट ओलं करून तो डाग चोळला. मग तांब्यातलं पाणी बोटावर घेतलं, पंच्याला पुसलं. बोट लालच राहिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, तसं धरायची त्यांना सवय होती.

"रंगखात्यात तीस वर्सां काढलंय," ते म्हणाले. "पाण्यान जाणा नाय. ह्यो पक्को रंग आसा." आणि मग अगदी शांतपणे, "लक्ष्मी येवन गेली. माका न्हेवक इली ती."

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आला म्हणून मला रागही आला. "अप्पा, शिळ्या भाताला बुरशी धरलीय," मी म्हणाले. बुरशी इतकी लाल कधी पाहिली होती का, तर नाही. पण म्हणाले. पान उचलायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावून थांबवलं नव्हतं.

तेवढ्यात धनेशनं करी रोडला नलूआत्याला फोन लावला होता. नलूआत्या अप्पांची धाकटी बहीण. तिची चाळ पाडून टॉवर झाला, ती बाविसाव्या मजल्यावर गेली, पण देवापुढे गाऱ्हाणं घालण्यातली तिची हुकमत खाली उतरली नाही. स्पीकरवरून ती म्हणाली, "दादा, वहिनीचा कायतरी रवला असात. ओटी भरूक व्हयी. कुंकू फुकट नाय घालवायचा, अंगाक लाव."

"अंगाला काही लावायचं नाही," मी ओरडले.

पर्समध्ये माझ्याकडे निर्जंतुक डब्या असतात, लॅबच्या. शेजारीपाजारी कुणाची लघवी तपासायची असली की एक देता येते. अप्पा फोनवर असताना मी त्यातल्या एका डबीत लाल भाताची चार शितं घेतली आणि झाकण घट्ट लावलं. का घेतली? सवय. आणि खरं सांगायचं तर उद्या लॅबमधून येऊन अप्पांना 'बघा, बुरशी' असं म्हणता यावं म्हणून. बाकीचं पान धनेशनं गुंडाळून नेलं.

सकाळी अप्पा उठले नाहीत. मी चहा घेऊन गेले तर कपाळावर लाल टिळा होता; पान नेण्याआधी त्यातला थोडा लाल भात त्यांनी लपवून ठेवला असणार. अंग तापानं फणफणत होतं. पांघरूण काढलं आणि पट्टी सोडलेली दिसली. जखमेवरही त्यांनी ते लाल चोपडलं होतं. पण मी बघत होते ते वर. पाय घोट्यापासून नडगीपर्यंत सुजून चकचकीत झाला होता, पावलावर जांभळट काळा डाग पसरला होता आणि त्यावर पाण्यानं भरलेले दोन फोड आले होते. सुजेवर नुसतं बोट टेकवलं तरी अप्पा कळवळले. जिथे कातडी अजून धड दिसत होती तिथेही तितकंच दुखत होतं, आणि ही खूण मला चांगली माहीत आहे. आत मांस सडायला लागलेलं असतं आणि वरून कळत नाही. तासातासाला ते वर सरकतं. पाय जातो, कधी माणूसही जातो.

"धनेश, टॅक्सी बोलव. आत्ताच्या आत्ता."

"माका खंय जावचा नाय," अप्पा म्हणाले. डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर मात्र कसलीशी खुशी. "ती इली हा. मोरीत उभी आसा."

आमची मोरी पलंगापासून चार पावलांवर आहे. मी मागे वळून पाहिलं. कबूल करते, पाहिलं. मोरीत बादली होती, तांब्या होता, फळीवर बाटली होती.

धनेश विनवण्या करत होता, रडायलाही लागला. अप्पांनी पलंगाची कड घट्ट धरली होती. सत्तर किलोचा माणूस आणि तिसऱ्या मजल्यावरून जिना, त्यांच्या मनाविरुद्ध आम्ही त्यांना उतरवू शकत नव्हतो. शेजारचे येऊन दाराशी उभे राहिले, कपाळावरचा टिळा बघितला आणि त्यांतल्या दोन बायकांनी हात जोडले. माझं डोकं सटकलं. मी अप्पांच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "खुशाल जा. पण तुम्ही गेलात की आईंची नवमी बंद. पुढच्या वर्षी त्यांचं पान कोण ठेवणार? मी नाही ठेवणार. रीत नाही तशी."

 सासऱ्याशी सून असं बोलत नाही, मलाही कळत होतं. पण अप्पांनी डोळे उघडले. बराच वेळ ते मोरीकडे बघत राहिले, कुणाला तरी विचारत असल्यासारखे. मग पलंगाची कड सोडली आणि म्हणाले, "चल."

दुपारपर्यंत त्यांना ऑपरेशनला घेतलं. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं की पावलावरचं आणि नडगीवरचं मेलेलं मांस काढलंय, दोन बोटं गेली, उद्या परत उघडून बघणार. आणखी वर चढलं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. आणि त्यानंही थांबलं नाही तर, एवढं म्हणून तो परत आत गेला. नेहमीची भारी अँटिबायोटिक्स चालू केली होती. काढलेल्या मांसाचा तुकडा खाली आमच्या लॅबमध्ये आला, माझ्याच टेबलावर. डबीवर लिहिलं होतं, दौलत परब, वय चौऱ्याहत्तर. मी तो नेहमीसारखा प्लेटवर लावला. 

प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली, तिथे अंगाइतकी ऊब असते. मग पर्समधली डबी आठवली. घरच्या भाताला हॉस्पिटलच्या इन्क्युबेटरमध्ये काय म्हणून जागा द्यायची? तरी त्या शितांना टेकवलेली सुई एका प्लेटवर फिरवली आणि प्लेट तशीच खिडकीजवळ ओट्यावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्क्युबेटरमधली प्लेट काढली. अप्पांच्या पायातले जंतू भरपूर वाढले होते, पण फिकट, मळकट पांढरे. असे दिसणारे जंतू डझनभर असतात. जंतू ओळखणाऱ्या मशीनचा अहवाल यायला आणखी एक दिवस लागणार होता, आणि वर अप्पांचा ताप उतरत नव्हता. सर्जननं सकाळी पुन्हा थोडं मांस काढलं होतं. ओट्यावरची भाताची प्लेट उचलली. ती लाल व्हायला लागली होती. रेघ न् रेघ, मी जशी सुई फिरवली होती तशी, कुंकवाच्या बोटानं काढल्यासारखी. जरा बरं वाटलं. म्हणजे भातातलं वेगळं आणि पायातलं वेगळं.

आमच्या डॉक्टर आकांक्षा सामंत मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. "हे काय लावलंयस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटत होती, नवमी, मूद, कुंकू. त्या हसल्या नाहीत. दोन्ही प्लेट शेजारी शेजारी धरून बघत राहिल्या.

"दर्शना, पायाची प्लेट कुठे होती?"

"आत. सदतीस डिग्रीला."

"आणि भाताची बाहेर. अगं, हा उबेत रंग धरत नाही. गारव्याला आला की लाल होतो." त्यांनी पायाची प्लेट माझ्या हातात दिली. "ही पण बाहेर ठेव. उद्या बघ."

त्यांनी त्या जंतूचं नाव सांगितलं, सेरॅशिया. ओल्या जागी राहतो, नळाच्या तोंडाशी, मोरीच्या कडेला जो गुलाबी बुळबुळीत थर धरतो त्यात. माणसाच्या मांसात असा घुसलेला त्यांनी वीस वर्षांत एकदाच पाहिला होता, म्हणून त्याचा संशयही कुणी घेतला नसता. आणि अप्पांना चालू असलेल्या औषधाला तो दाद देत नाही. त्या तिथूनच आयसीयूला फोन लावून औषध बदलायला सांगत होत्या. मशीनची वाट पाहिली असती तर एक दिवस गेला असता. एका दिवसात किती पाय गेला असता याचा हिशोब मी करत बसले नाही.

रविवारी सकाळी सुटी असून मी लॅबमध्ये गेले. पायाची प्लेट रात्रभर बाहेर होती. लाल झाली होती. दोन्ही प्लेटचा रंग एकच. आईंच्या पानावरचं कुंकू अप्पांच्या पायात होतं, अंगाच्या उबेत रंग लपवून. मी खुर्चीवर बसले. रिकामी लॅब, फ्रीजची घरघर आणि त्या दोन प्लेट. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ताप उतरला होता. आयसीयूत गेले तेव्हा अप्पा जागे होते. मी मनात ठरवून गेले होते की बरे झाल्यावर ऐकवायचं, तुम्ही ते लाल पायाला चोपडलंत म्हणून हे झालं. नलूआत्यालाही ऐकवायचं. मला कुणाला तरी दोष द्यायचा होता आणि तो देण्यासारखी माणसं हाताशी होती. पण एक गोष्ट टोचत होती. पाय एका रात्रीत तसा होत नाही. चार दिवस आधीच त्या जखमेभोवती लालसर दिसत होतं आणि मी रोज जास्त जोरानं पुसत होते. आणि टोपलीखालच्या भातावर ते आलं कुठून?

"गो दर्शना," अप्पा म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. "ती अजून मोरीतच आसा. तुका कायतरी सांगता."

"काय सांगतायत?"

"बाटली हातात उपडी धरल्यान हा. रिकामी कर, म्हणता."

मी बाटलीबद्दल कुणाशी बोलले नव्हते. डॉक्टरांशी नाही, धनेशशी नाही, स्वतःशीही नाही.  नर्स काहीतरी विचारत होती आणि मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते.

परळहून आमच्या घरापर्यंत चालत वीस मिनिटं. त्या दिवशी कशी आले आठवत नाही. भर दुपार होती, खालच्या चक्कीतून मसाल्याचा खकाणा येत होता, आणि मी मोरीच्या तोंडाशी उभी होते. आत पाय टाकायचा धीर होत नव्हता. रोज तीनदा जिथे उभी राहते ती जागा. शेवटी मोठ्यानं म्हणाले, "आई, मी येतेय आत." का म्हणाले मलाही माहीत नाही.

बाटलीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या कडेला, आट्यांमध्ये, लाल वर्तुळ होतं. बोटानं पुसलं. पाण्याखाली धरलं. गेलं नाही.

आईंनी लावलेलं आणि मी इतकी वर्षं जपलेलं ते विरजण. औषध पाण्यानं इतकं पातळ झालेलं की जंतू मरायचे सोडून त्यात सुखानं राहत होते. माझ्या स्वच्छतेच्या बाटलीतून मी ते रोज सकाळी अप्पांच्या जखमेत भरत होते, आणि त्याच बाटलीनं हात धुऊन मी मूद पाडली होती. पानावर उमटली होती ती माझी बोटं होती. लॅबमध्ये रोज नव्या मुलांना शिकवते, औषधाची बाटली कधी वरून भरायची नाही. मोरीत बसून मी खूप रडले. नंतर बाटलीचं झाकण लावून ती दोन पिशव्यांत बांधली आणि लॅबला नेली. तीन दिवसांनी तिसरी प्लेटही लाल झाली.

डॉक्टर आकांक्षांना मी सगळं सांगितलं. धनेशला सांगितलं. तो म्हणाला, "आईची होती म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही." माझी नव्हे, आईची म्हणाला. त्याच्या चांगुलपणाचाही मला राग आला.

अप्पांचा पाय वाचला. दोन बोटं गेली, मांडीची कातडी काढून नडगीवर लावली, दिवाळीआधी वॉकर घेऊन घरी आले. त्यांच्यापासून लपवणं मला जमेना. एके दुपारी त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. कुंकू नव्हतं, जंतू होते. आईंच्या बाटलीतून आले. मीच तुमच्या पायात घातले.

ते रागावतील, निदान गप्प होतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"तिच्या बाटलेतसून इला?"

"हो."

"तिच्याच भातार उमाटला?"

"हो अप्पा, पण..."

"आणि ता बघून डॉक्टरनीन औषद बदलल्यान. तिना माका वाचवल्यान." ते हसले. "अगो, ताच तर मी पयल्यापासून सांगतंय."

  आईंचं ते मोरीत उभं राहून बाटली उपडी धरणं कुठून आलं, हे मी तापातलं बरळणं म्हणून सोडून देते, आणि सोडलं तरी ते जात नाही.

बाटली मी लॅबच्या ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात, घालून नष्ट केली. मोरी घासली, नळ बदलला. आता घरात औषधाच्या छोट्या बाटल्या येतात आणि महिन्याला फेकल्या जातात.

यंदा नवमी आली. अप्पा पंधरा दिवस आधीपासून तारीख विचारत होते. मी हात साध्या साबणानं दोनदा धुतले, वाटी उकळत्या पाण्यातून काढली, मऊ भाताची मूद पाडली. अप्पांनी वॉकर धरून टोपली झाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर ते तसेच पानासमोर खुर्ची घेऊन बसले होते. माझ्यासाठी थांबले होते.

त्यांनी टोपली उचलली.

भात पांढरा होता. जरा वाळलेला, कडेनं भेगाळलेला, पण पांढराशुभ्र. ते वाकून बघत राहिले. मूद बोटानं फिरवून मागची बाजू बघितली. मग टोपली हळूच खाली ठेवली.

"येवक नाय," म्हणाले.

इतके दिवस ज्यासाठी घासत पुसत होते ते मला मिळालं होतं, आणि मला ते पांढरं पान बघवेना. या माणसाला मी त्याच पानाचं नाव घेऊन मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. अप्पांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवत नव्हते.

"सगळाच टाकलंस काय गो?" त्यांनी विचारलं. "थोडासा तरी ठेवलंस तिचा?"

खोटं बोलता आलं असतं. "ठेवलंय," मी म्हणाले. "असा जंतू क्वचित मिळतो, म्हणून लॅबमध्ये जपून ठेवतात. एवढ्याशा कुपीत. फ्रीजरमध्ये, उणे सत्तर डिग्रीला. तिथे वर्षानुवर्षं राहतो. मरत नाही."

"जित्तो आसा?"

"हो. झोपल्यासारखा."

अप्पांनी फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"थंडीत ठेवलंस? तिका थंडी सोसणा नाय गो."

 ते वॉकर ओढत कपाटापाशी गेले, खालच्या खणातून हिरवा स्वेटर काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला. "उद्या जाताना घेवन जा."

सकाळी मी डब्याच्या पिशवीत स्वेटर कोंबला आणि कामाला गेले.